तिथं पेटली, इथं जळली

वडशाला मला खोली भाड्यानं देताना माझ्या घरमालकांनी आधी ती मोजून दाखवली. मी दोन पिशव्या घेऊन दारात उभी, आणि पासष्टीचे हे गृहस्थ गुडघ्यांवर बसून खिशातली स्टीलची टेप भिंतीला लावताहेत. मग उठून, गुडघे झटकून म्हणाले, "नऊ फूट सात इंच बाय अकरा फूट दोन. तुमाले कोनी दहा बाय बारा सांगितलं असन, तं ते खोटं हाय. आता घ्याची का नाई ते तुम्ही पाहा."

मी म्हटलं, "चालेल हो. चार-पाच इंचानं काय होतंय?"

"चार-पाच इंचानं खून झालेत, मॅडम," ते म्हणाले आणि टेप सर्रकन खिशात गेली.

त्या खोलीत मी पुढं सहा वर्षं राहिले. अकरावी-बारावीला मराठी शिकवायची आणि घरी आलं की या माणसाचं ऐकायचं, असा दिनक्रम. सगळं वडसा त्यांना भाऊ म्हणायचं, म्हणून मीही भाऊ म्हणायची. त्यांच्या बायकोला मात्र काकू. हे त्यांना खटकायचं. एकदा चहा पिता पिता त्यांनी कप खाली ठेवला. "मी भाऊ, तं हे काकू कशी? कुठीतरी गडबड होऊन राह्यली."

"गडबड तुमच्या डोक्यात हाय," काकू आतून म्हणाल्या. "चहा प्या."

ते चहा प्यायले, पण विषय त्यांच्या मनातून गेला नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

नोकरी त्यांनी केली जमीन मोजणीच्या खात्यात. सुरुवातीला साखळी ओढली, मग टेप आली, मग तिपाईवरचं मशीन आलं. उभा जन्म दोन भांडणाऱ्या शेजाऱ्यांच्या मधे उभं राहण्यात गेला. एकानं इकडून शिव्या द्यायच्या, दुसऱ्यानं तिकडून, आणि यांनी मधे खूण रोवायची. त्यातून त्यांना एक खोड लागली होती. 'अंदाजे' हा शब्द ऐकला की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. मी एकदा सहज म्हणाले, स्टेशन इथून दहा मिनिटांवर आहे. तर म्हणाले, "कोनाच्या पायानं?" भाजीवाल्या त्यांना टरकून असायच्या. त्यांच्यासाठी एक बाई काटा वेगळा पुसून ठेवायची.

हिवाळ्यात वडशाला नाटकांचा मोसम. नाटक कंपन्यांचे फलक लागले की भाऊ दाढी करून, स्वेटर घालून तयार. पण त्यांच्याबरोबर नाटकाला जाणं म्हणजे शिक्षा. एका नाटकात खलनायक भोळ्या म्हाताऱ्याचा अंगठा घेतो आणि शेत आपल्या नावावर करून टाकतो. बाया डोळे पुसताहेत, पेटी जोरात वाजतेय, आणि आमचे भाऊ पुढच्या रांगेतून उभे राहिले. "एका अंगठ्यानं फेरफार होत नाई! पंधरा दिवसांची नोटीस लागते!" सगळा मंडप हसायला लागला. तो खलनायक मात्र तयारीचा. त्यानं मिशीवरचा हात काढून भाऊंना नमस्कार केला आणि म्हणाला, "नोटीस लावली होती साहेब. म्हाताऱ्याले वाचता येत नाई." भाऊंनी क्षणभर विचार केला, "मंग बरोबर हाय," म्हणाले आणि खाली बसले. मी शालीत तोंड लपवलं होतं.

हसण्यावारी न्यावं असंच सगळं नव्हतं पण. त्यांच्या घराला मागच्या बाजूनं कुंपणाची भिंत होती. निवृत्त झाल्यावर वेळ होता म्हणून त्यांनी एक दिवस स्वतःचाच प्लॉट मोजला, तर भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत नऊ इंच शिरलेली निघाली. शेजाऱ्याला पत्ता नव्हता. सांगितल्यावर तो म्हणाला, राहू द्या ना भाऊ, नऊ इंचात मी काय हेलिकॉप्टर उतरवू? भाऊंनी ऐकलं नाही. भिंत पाडली आणि नऊ इंच आत नवी बांधली. काकूंच्या दोन जास्वंदी आणि धुण्याचा दगड त्यात गेला. त्या दगडासाठी काकू अजून बोलतात.

त्यांच्याजवळ एक पांढरी व्हॅन होती, सेकंडहँड, निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. चैन म्हणून नाही. कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावांमधून माणसं यायची, दारात उकिडवी बसायची आणि म्हणायची, "भाऊ, एकडाव येऊन आमचा धुरा दाखवून द्या ना." धुरा म्हणजे बांध. सरकारी मोजणी आणायची तर अर्ज, फी, वाट पाहणं. भाऊ व्हॅन काढायचे, जायचे, जुना नकाशा पसरायचे आणि दोन भावांना उन्हात उभं करून त्यांची हद्द दाखवायचे. त्यांच्या कागदाला कायद्यात काडीची किंमत नव्हती, पण लोक तो मानत. फी काय, तर चहा, नाहीतर एखादा भोपळा. "सरकार मले पेन्शन कायले देऊन राह्यली?" असं ते म्हणायचे. त्या गावांना बस दिवसातून एकदा, तीही मनात आलं तर. व्हॅन होती म्हणून भाऊंचं फिरणं होतं, आणि फिरणं होतं म्हणून हा माणूस निवृत्त होऊनही जिवंत होता, असं मला वाटायचं.

त्या व्हॅनचा विमा ते दरवर्षी मुदतीच्या आठ दिवस आधी भरायचे, तोही पुरा, फर्स्ट पार्टी. पॉलिसीच्या मागची बारीक अक्षरं भिंग आणि लाल पेन्सिल घेऊन वाचणारा माणूस मी आयुष्यात एवढा एकच पाहिला. आग लागली तर भरपाई, हे त्यात स्पष्ट छापलेलं होतं. त्याखाली लाल रेघही मारलेली होती.

मार्चच्या शेवटी एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. मोहाचा हंगाम मला पाहायचा होता. मोहाचं झाड जंगलात उभं असलं तरी बेवारस नसतं. कोणतं झाड कोणाचं हे गावाला पणजोबापासून पाठ असतं, आणि हंगामात दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी टेकतसुद्धा नाही. पडलेली फुलं दिसावीत म्हणून घरातली बाई झाडाखालचा वाळला पाला झाडून कडेला लोटते आणि पेटवून देते. त्याला बंदी आहे, कारण वणवे असेच लागतात. तरी त्या दिवसांत ज्या झाडाखाली पाहावं तिथं काळं वर्तुळ दिसायचंच.

भाऊंनी गाडी रस्त्याच्या कडेला अशाच एका मोठ्या मोहाच्या सावलीत लावली. झाड कोणाचं हे त्यांना ठाऊक होतं. गावात एक साठीची विधवा बाई होती, तिचं ते झाड. नोकरीच्या शेवटच्या वर्षी, जंगलातल्या कसलेल्या जमिनीच्या वनहक्काच्या कामात, तिचा तुकडा त्यांनीच मोजला होता. पट्ट्याचा, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या कागदाचा, तिचा दावा तेव्हापासून कचेरीत पडून होता. बाई आठवडी बाजाराला गेलेली. तिच्या झाडून ठेवलेल्या जागेवर चाक जाऊ नये, फूल चिरडू नये, म्हणून भाऊंनी दोनदा मागं-पुढं करून गाडी वर्तुळाच्या बाहेर घेतली. बाहेर म्हणजे नेमकी लोटलेल्या, न जळता उरलेल्या पाल्याच्या ढिगावर. चांगुलपणा नडला, दुसरं काय.

आम्ही पलीकडच्या बांधीत, म्हणजे धानाच्या रिकाम्या शेतात, दोन भावांचा धुरा पाहत होतो. कोणीतरी ओरडलं. वळून पाहिलं तर गाडीच्या मागच्या चाकांखालून ज्वाळा. भाऊ पळाले, आम्ही सगळे पळालो. गावातून माणसं हंडे-कळश्या घेऊन आली, आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, पहिली हाक जी उठली ती "झाड! झाड वाचवा!" ही होती. आणि ती हाक भाऊंची होती. पहिल्या पाच कळश्या त्यांनी स्वतः मोहाच्या बुंध्यावर ओतल्या. मग खिडकीतून हात घालून त्यांनी हँडब्रेक खाली केला. हात कोपरापर्यंत भाजला. दहा-बारा जणांनी ढकलून पेटती गाडी झाडाखालून काढली. उतार होता. गाडी बांधीत घरंगळत गेली, मधोमध थांबली आणि तिथं आरामात जळली. आम्ही पाहत उभे राहिलो. झाडाची एक बाजू होरपळली होती, पण झाड वाचलं.

सगळे गाडीकडे पाहत होते. मी भाऊंकडे पाहत होते, कारण त्यांचा हात. ते झाडाखाली वाकून काहीतरी शोधत होते. मीही पाहिलं. सकाळी पेटवलेल्या पाल्याची राख वरून थंड होती, पण तिच्यातून एक काळी, बोटभर रुंद रेघ सुक्या पाल्यातून सरकत गाडी उभी होती तिथवर आली होती. विझलेली वाटलेली आग आतून चालत राहिली होती. खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला रेघ वाचता येते. भाऊंनी इकडंतिकडं पाहिलं आणि चपलेनं ती रेघ पुसून टाकली. मग त्यांना माझी नजर दिसली. 

विमा कंपनीचा सर्वेअर चौथ्या दिवशी नागपूरहून आला. तरुण, घामाघूम, पण स्वभावानं बरा. बांधीतल्या सांगाड्याभोवती फिरून त्यानं फोटो काढले.

"काका, गाडी इथं पेटली?"

"नाई. तिथं पेटली. इथं जळली." भाऊंनी रस्त्याकडे हात केला. "मधे सत्तेचाळीस मीटर. मी मोजलं हाय."

"तिथं म्हणजे कुठं?"

"त्या मोहाच्या झाडांपैकी एकाखाली."

सर्वेअर तिकडं जाऊन आला. रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाखाली काळं वर्तुळ, दरसालच्या आगीनं बहुतेक बुंधे होरपळलेले, आणि गुरांनी, माणसांनी सगळा उतार तुडवलेला. चाकांचा माग कुठला राहणार! "कोणतं झाड?" त्यानं विचारलं.

"ते मी सांगनार नाई."

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. भाऊंनी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यानं पेन खिशात ठेवलं आणि अगदी घरच्यासारखं म्हणाला, "काका, मला गाडीखालची जळलेली जमीन दाखवता आली पाहिजे. कोणतंही एक झाड दाखवा, मी फोटो काढतो. नाहीतर शॉर्टसर्किट म्हणा, तसं लिहितो. विषय संपला."

"वायरिंग बरोबर होतं," भाऊ म्हणाले. "अन् कोनतंही झाड कसं दाखवू? या रांगेत बेवारस झाड एक बी नाई. दुसऱ्याचं झाड दाखवू का?"

मी त्यांना बाजूला घेतलं आणि चिडून म्हणाले, "भाऊ, तुम्ही खरं तरी सांगा, नाहीतर नीट खोटं तरी बोला!"

तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी हळू आवाजात. झाड कागदावर आलं की बाईचं नाव आलं. जंगलखात्याचा गार्ड ओळखीचा, पण तोही त्यांना म्हणाला होता, "भाऊ, झाडाच्या नावानं कागद आला तं मले केस करा लागन." आणि वनगुन्ह्याची केस नावावर चढली की तिचा पडून असलेला दावा पडूनच राहणार. "तिची जमीन मी मोजली, मॅडम. तीन एकराले थोडी कमी हाय. ते बाई टेपमागं अनवानी चालत होती, काट्यातून. मी म्हटलं बाई, तुम्ही कायले येता? तं म्हने, माही जमीन होऊन राह्यली, मी पाहू नोको का?"

एवढं बोलून ते सर्वेअरला चहा पाजायला घेऊन गेले.

दीड महिन्यानं पत्र आलं. आग लागल्याची जागा आणि कारण विमाधारकानं जाणूनबुजून लपवलं, एकूण घटना संशयास्पद, दावा नामंजूर. भाऊंनी पत्र भिंगाखाली धरून दोनदा वाचलं. नामंजूरचं त्यांना फारसं काही वाटलं नाही, ते अपेक्षितच होतं. 'संशयास्पद' या शब्दावर मात्र त्यांचं बोट थांबलं. म्हणजे गाडी यांनीच पेटवली. ज्यांनी नऊ इंचासाठी भिंत पाडली, त्यांनी म्हणे विम्यासाठी गाडी जाळली. तो दिवसभर त्यांनी काही खाल्लं नाही. संध्याकाळी काकू माझ्या दारात येऊन बसल्या आणि रडल्या. "गाडी गेली, हात भाजला, आता नाव बी गेलं. अन् त्या बाईनं एक डाव येऊन विचारलं तरी का, भाऊ कसे हाय म्हनून?"

मला त्या बाईचा राग आला होता. खरं सांगायचं तर भाऊंचाही आला होता. सरळ माणसाच्या सरळपणाचा कधी कधी फार संताप येतो. मी त्यांना म्हणाले, मी डोळ्यांनी पाहिलंय, मी साक्ष देते.

"तुमाले विचारलं तं तुम्ही खरंच सांगा," ते म्हणाले. "खोटं बोला असं मी कधी म्हननार नाई. म्हनूनच तुमाले साक्षीले बोलावत नाई."

गडचिरोलीला ग्राहक आयोगात त्यांनी तक्रार दाखल केली. वकील केला नाही. वकिलाला सगळं सांगावं लागलं असतं. काकूंच्या बहिणीला सोबतीला बोलावून ते बसनं त्या गावाला गेले, आठ दिवस राहिले आणि एक नकाशा घेऊन आले. मी तो जमिनीवर पसरून पाहिला. उत्तर दिशेचा बाण, प्रमाण, रस्ता, उतार, बांधी, गाडी जळाली ती जागा, आणि रस्त्याकडेची मोहाची एकूण एक झाडं, बुंध्याच्या घेरासकट. सगळ्या झाडांपासून बांधीतल्या गाडीपर्यंतची अंतरं लिहिलेली. फक्त सत्तेचाळीस मीटरवर एक नाही, तीन झाडं येत होती. त्यांना त्या तीन झाडांचा केवढा आनंद झाला होता! "पाहा," ते म्हणाले, "मी खोटं कायबी काढलं नाई."

सुनावणीच्या दिवशी आम्ही आरमोरीमार्गे बसनं गेलो. काकूंनी दशम्या बांधून दिल्या होत्या. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि भाजलेला हात झाकायला उन्हात लांब बाह्या.

कंपनीचे वकील हुशार होते. त्यांनी भाऊंचाच क्लेम फॉर्म वाचून दाखवला. आग कशी लागली या रकान्यात भाऊंनी लिहिलं होतं, "गाडीखालच्या सुक्या पाल्याने." आणि नुकसान टाळण्यासाठी काय केलं, या रकान्यात, "पहिल्या पाच कळश्या पाणी मी झाडावर टाकले." वकील म्हणाले, "स्वतःची गाडी पेटलेली असताना हे गृहस्थ झाडाला पाणी घालत होते. यावर कोणी विश्वास ठेवावा?"

कोर्टात हसू पसरलं. भाऊ म्हणाले, "सहावी कळशी गाडीवर टाकली, जी. ते त्याच्या खालच्या ओळीत लिहिलं हाय."

आयोगाच्या अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्या नकाशाकडे बराच वेळ पाहत होत्या. "हा तुम्ही काढला?"

"हो जी."

"झाड कोणतं हे तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत हाय."

"मग सांगत का नाही? तुमच्या एका शब्दावर ही केस उभी आहे."

भाऊंनी रुमालानं कपाळ पुसलं. मी मागच्या बाकावर होते. मला वाटलं, आता तरी. "सांगितलं तं दुसऱ्या मानसाचं नुकसान होते, जी. त्याचा कंपनीशी काही संबंध नाई. बाकी तुम्ही जे इचारान ते सांगतो."

"तुम्ही हराल."

"हो जी. मी पॉलिसी वाचली हाय. त्यात लिहिलं हाय, सारी माहिती द्या लागते म्हनून. मी देत नाई, तं पैसे नाई भेटनार. ते बरोबर हाय. पन मी गाडी पेटवली असं त्याईनं लिहिलं, ते बरोबर नाई. तेवढं पाहा."

मी पुष्कळ माणसं भांडताना पाहिली आहेत. पण माझे पैसे देऊ नका, तेवढा एक शब्द काढा, म्हणून सरकारी फी भरून भांडायला आलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. वकीलसाहेब खाली बसले.

निकाल पावसाळ्यात लागला. तक्रार फेटाळली. मात्र सहाव्या परिच्छेदात म्हटलं होतं की, तक्रारदारानं गाडी स्वतः पेटवली असं मानायला कसलाही आधार नाही, आणि 'संशयास्पद' हा शब्द कंपनीनं वापरायला नको होता. भाऊंनी तो परिच्छेद काकूंना वाचून दाखवला, मला दाखवला, शेजाऱ्याला बोलावून दाखवला. काकू म्हणाल्या, "सहावा परिच्छेद चार चाकं लावून चालवा आता." त्यावर भाऊ खूप हसले, बऱ्याच महिन्यांनी.

गाडी काही परत आली नाही. गावातून माणसं येत राहिली, दारात बसत राहिली. भाऊ वेळापत्रक पाहून सांगायचे, बस सकाळची गाठली तर परतीला मुक्काम पडतो, आणि काकूंचे गुडघे दुखतात, त्यांना एकटं कसं सोडू? माणसं मान हलवायची आणि उठायची. महिन्यात आठ-दहा गावं करणारा माणूस दोन-तीन महिन्यांत एखाद्या गावाला जाऊ लागला. ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते हाका मारायचे. त्या वर्षी ते एकदम म्हातारे दिसायला लागले. मला ते पाहवत नसे.

पुढच्या मार्चमध्ये ते मला म्हणाले, "झाड कसं हाय ते पाहून येऊ, चालता का?" काकूंची बहीण आलेली होती, म्हणून मोकळीक होती. आम्ही सकाळच्या बसनं गेलो.

बाई झाडाखालीच होती, टोपलं घेऊन फुलं वेचत. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. बारीक, काटक, डोक्याला फडकं बांधलेलं. आम्हाला पाहून ती उभी राहिली.

"आले का भाऊ. कशानं आले?"

"येष्टीनं."

"बरं केलं. तुमच्या गाडीनं माहा मोह जाळला. हे इकडची बाजू पाहा, या साली फूलच नाई धरलं. अर्धं झाड गेलं माहं. मोहाखाली कोनी गाडी लावते का?"

मी तोंड उघडलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "चुकलंच बाई," ते म्हणाले. "मी लावाले नोको होती."

ती आणखी बोलली, बरंच बोलली. भाऊ मान खाली घालून ऐकत होते, कोर्टात उभे होते त्याहून नम्रपणे. मग त्यांनी विचारलं, "पट्ट्याचं काय झालं?"

"भेटला. दिवाळीच्या मांगं."

"बरं झालं."

ती परत खाली बसली आणि वेचायला लागली.  मग वर न पाहता तिनं विचारलं, "भाऊ, कंपनीनं तुमाले गाडीचे पैसे देल्ले ना?"

मी भाऊंकडे पाहिलं. सहा वर्षांत मी या माणसाच्या तोंडून अर्धा इंच खोटं ऐकलं नव्हतं.

"देल्ले जी," ते म्हणाले.

"सारे?"

"सारे. एक रुपया कमी नाई."

तिचे हात थांबले. तिनं एवढा मोठा श्वास सोडला, की मला तिचा सालभराचा राग कुठून येत होता ते तेव्हाच कळलं. "मंग बरं," ती म्हणाली. "लई जीवाले लागून होतं. त्या दिवशी सकाळी पाला मीनंच..."

"ऊन चढून राह्यलं, बाई," भाऊ मधेच म्हणाले. "फुलं वेचून घ्या."

परतीची बस दुसऱ्या दिवशी होती, म्हणून मुक्कामाला गावात जायला आम्ही रस्त्यावर आलो. मला रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून मी भांडण काढलं. "भाऊ, तुम्ही खोटं बोललात."

"बोललो."

"तेही चांगलं ठणठणीत. बोलायचंच होतं तर निदान 'थोडेफार मिळाले' म्हणायचं. तेवढं तरी कमी खोटं झालं असतं."

ते रस्त्याकडे पाहत राहिले. "थोडेफार म्हटलं असतं, मॅडम," ते म्हणाले, "तं बाकीचे तिनं सोताच्या अंगावर धरले असते."